सायकल खाली होती

सगळ्यात आधी मावशींचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. नाव घेते म्हणजे "मावशी" एवढंच. खरं नाव लिहायचं तर त्यांची परवानगी मागावी लागेल. परवानगी मागितली की त्या हे सगळं वाचायला मागतील, आणि वाचायला घेतलं की हातात पेन्सिल घेतील. मग हे कधीच छापून होणार नाही. तेव्हा मावशी.

त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. नोएडातल्या आमच्या घरमालकीण. त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली आणि नोकरीमुळे आम्ही दोघं नवराबायको इथे टिकलो. त्यांची सायकल चोरीला गेली ती माझ्या ताब्यातून, आणि तिच्या विम्याचे पैसे अडकले ते माझ्या एका शब्दामुळे. निस्तरलं मात्र त्यांनी.

मी आठवीनंतर शाळा सोडली. परभणीकडचं आमचं गाव. नववी दुसऱ्या गावाला होती, आणि तिकडून संध्याकाळी परतीची एसटी नव्हती. लग्न झालं आणि ह्यांच्याबरोबर नोएडाला आले. हे टीव्ही जोडायच्या कारखान्यात लागले होते. तेव्हा नवीन नवीन चॅनल निघत होते, घरोघरी रंगीत टीव्ही येत होते, आणि नोएडात रोज कुठल्या तरी कारखान्याची फीत कापली जायची. सेक्टर मात्र नुसते आखलेले. रस्ते होते, रस्त्यांना नंबर होते, मधे घरं नव्हती. आमच्या गल्लीत मावशींचं घर आणि समोर एका रिटायर कर्नलसाहेबांचं. बाकीच्या प्लॉटवर माणसाच्या उंचीचं गवत आणि त्यात नीलगाई.

दिल्लीतल्या बुद्धविहारात ह्यांची कोणाशी तरी ओळख निघाली, त्यांनी मावशींकडे पाठवलं. मावशींनी आम्हाला दारातच विचारलं, "स्वयंपाकात तिखट किती घालता?" मी घाबरून म्हटलं, "तुम्ही म्हणाल तेवढं." त्या म्हणाल्या, "मी कशाला म्हणू? जेवणार तुम्ही. मी फक्त विचारलं." आणि किल्ली दिली. मावशी वर राहायच्या, आम्ही खाली.

मूळच्या त्या नागपूरच्या. दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात इंग्रजी नियमांचं हिंदी करायचं, ही त्यांची नोकरी. सारी नोकरी त्यांनी तेच केलं. निवृत्त होताना त्यांना कळलं की ते हिंदी नियम कपाटात जायचे आणि सगळं काम इंग्रजीवरच चालायचं. हे त्यांनी मला एकदा अगदी सहज सांगितलं, भाजी निवडताना. पुढे म्हणाल्या, "शेंगा कोवळ्या आहेत."

लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही. समोरच्या कर्नलीणबाईंनी विचारलं. त्यांना मावशींनी सांगितलं, "एक प्रस्ताव आया था. उसमें वर्तनी की बहुत गलतियाँ थीं." म्हणजे शुद्धलेखनाच्या.

मावशींचा एक नियम होता. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याच्या बाहेर हिंदी. दिल्लीकडच्या मराठी घरांत असंच असतं म्हणा, पण बाकीच्यांचं आपोआप होतं, मावशींचं कायद्यानं चालायचं. दूधवाला बाहेर उभा असला की "भैया, आज पतला है." तोच दूध ओतायला वाकून आत आला की "सांडू नकोस रे." तो बुलंदशहरचा माणूस. त्याला पहिल्यांदा वाटलं, आजींच्या अंगात कोणीतरी येतं. मग सवय झाली. जिना हा वादाचा भाग होता, तो धड आतही नव्हता आणि बाहेरही नव्हता. म्हणून जिन्यात मावशी बोलायच्याच नाहीत. कितीही घाईचं असलं तरी खाली दारापर्यंत येऊन, आत पाऊल टाकून मग सांगायच्या.

घरात "अच्छा", "चलो", "यार" चालायचं नाही. मयूर विहारातून त्यांच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब यायचं. त्यांचा मुलगा दिल्लीतच वाढलेला. एकदा ठेच लागली तर म्हणाला, "आजी, ती दरवाज्याची खालची लकडी लागली." मावशींनी त्याला उंबरा हा शब्द शिकवला आणि बशीभर चिवडा दिला. पुढच्या वेळी तो आला आणि उंबऱ्यावर उभा राहून चिवडा मागायला लागला. मावशी म्हणाल्या, "आता परात आणि कोनाडा येईपर्यंत नाही." त्याच्या आईला राग आला. मावशींनी तिलाही कोनाडा विचारला.

दुसरी सवय वाचायची. पुस्तकं नाहीत फारशी, पण कुकरबरोबर आलेली चोपडी, रेल्वेच्या तिकिटाची मागची बाजू, औषधाच्या खोक्यातली घडी, सगळं त्या पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचायच्या. "कोणीतरी बसून लिहिलंय ना हे," म्हणायच्या. कर्नलसाहेबांच्या फाटकावर "कुत्तों से सावधान" अशी पाटी होती आणि कुत्रा एकच. मावशींनी एक दिवस त्यांची बेल वाजवून अत्यंत गंभीरपणे विचारलं, "बाकी कब गुज़रे?"

घराचा विमा त्यांनी अशाच वाचनातून घेतला. एक एजंट आयुष्याचा विमा विकायला आला होता. मावशी त्याला म्हणाल्या, "मेरे मरने का पैसा मेरे किस काम का? घर का है?" त्यानं आजवर एकही घराचा विमा विकला नव्हता. तरी कुठून तरी पॉलिसीचा नमुना घेऊन आला. मावशींनी ती त्याच्यासमोर बसून पूर्ण वाचली. वीज पडली तर काय, दंगल झाली तर काय, वरून विमान पडलं तर काय. तो खुर्चीतच पेंगला. त्या पॉलिसीत सायकलीचा वेगळा भाग होता. मावशींना तो फार आवडला. विमान पडण्याचा विचार करणाऱ्या माणसांनी सायकलीचाही केला, याचं त्यांना कौतुक वाटलं. सही केली.

ती सायकल लेडीज होती, हिरवी. मावशी नोकरीत असताना तिच्यावरून बसथांब्यापर्यंत जायच्या. पुढे गुडघे गेले. मला एक्सपोर्टच्या कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायचं काम लागलं तेव्हा मावशींनी ती आमच्या खोलीत आणून उभी केली. कारखाना लांब, आमच्या सेक्टरात टेम्पो यायचा नाही, आणि घंटा झाली की फाटक बंद.

मला सायकल येत नव्हती. शिकवलं मावशींनीच. आता सायकल शिकवायची ती रस्त्यावर, आणि रस्ता उंबऱ्याच्या बाहेर. तेव्हा सगळं हिंदीत. त्या ओरडायच्या "दाएँ, दाएँ," मला ऐकू यायचं डावं. मी डावीकडे वळायचे. त्या आणखी जोरात "दाएँ". मी आणखी डावीकडे. शेवटी बाभळीत गेले. मावशी लंगडत आल्या, माझ्या दंडातले काटे काढले आणि सगळे काढून होईपर्यंत हिंदीतच बोलल्या. घरात आल्यावर म्हणाल्या, "उजवं म्हणायला पाहिजे होतं मी. पण रस्ता होता."

तर ही सायकल. ह्यांच्या कारखान्यात त्या दिवसांत काम कमी झालं होतं. आठवड्यातले काही दिवस बोलवायचेच नाहीत. घर चालत होतं ते माझ्या पगारावर. मला सुपरवायझरनं सांगितलं होतं, वेळेवर येत राहिलीस तर धागेकापणीतून मशीनवर घेतो. नाही घेतलं तर आम्हाला गावाकडे परत जाणं होतं, आणि गावाकडे आमच्यासाठी काही ठेवलेलं नव्हतं.

थंडीतला रविवार होता. हे बाजारात गेले होते. मी मागच्या अंगणात मोरीवर कपडे धूत होते. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं, ऊन आत यावं म्हणून. सायकल आत, दाराजवळ. कपडे वाळत घालून आले तर सायकलीच्या जागी तिच्या चाकांचे डाग होते.

मी तशीच ओल्या हातांनी वर मावशींकडे गेले. म्हटलं, "मावशी, सायकल चोरीला गेली."

मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतात. त्या म्हणाल्या, "चोरीला गेली. मराठीत वस्तू चोरीला जाते. शाळेला गेल्यासारखी, आपल्या पायानं. हिंदीत ती चोरी हो जाती है. दोन्हीकडे चोराचं नाव नाही. किती मान ठेवतात बघ त्याचा." मग चष्मा घालून पॉलिसी काढली. "पोलिसात ताबडतोब कळवायचं आहे. जा."

"मी? एकटी?"

"तुझ्या पाठीमागे झालं. तूच सांगायचं. मी सांगितलं तर ते ऐकीव."

मी आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्यात गेले. तिथे आवारात टेबल टाकून रिपोर्ट लिहिणारे मुंशीजी होते, मफलर गुंडाळलेले, समोर चहाचा ग्लास. माणूस वाईट नव्हता. बसा म्हणाले. माझं हिंदी तेव्हा कारखान्यातलं होतं, बाकीचं मराठीतून उचललेलं.

"घटना के समय मकान मालकिन कहाँ थीं?"

"ऊपर."

"और आप?"

"मैं खाली थी."

त्यांनी मान वर केली. "खाली थीं, तो ध्यान क्यों नहीं दिया?"

"खाली थी, पर पीछे थी. कपड़े धो रही थी."

"कपड़े धो रही थीं तो खाली कहाँ थीं?"

मला वाटलं, मोरी कुठल्या मजल्यावर आहे ते विचारतायत. म्हटलं, "मोरी भी खाली है, साहब."

बाजूला एक शिपाई हात शेकत बसला होता. तो म्हणाला, "लिख लो मुंशीजी. नाली भी खाली है."

"और साइकिल?"

"वो भी खाली. खाली घर में थी."

मला सगळं नीट सांगता आलं असं वाटलं. सही केली, कागदाची नक्कल घेतली आणि घरी आले.

मावशींनी कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, मकान मालकिन ऊपर थीं, प्रार्थिया खाली थी, साइकिल खाली घर में रखी थी जहाँ से अज्ञात चोर ले गया. मावशींनी दोनदा वाचला. मग मला खाली म्हणजे हिंदीत काय ते सांगितलं, आणि रिकाम्या घरातल्या चोरीचे पैसे विमा देत नाही, हेही. मी रिकामी होते, मोरी रिकामी होती, आणि घरात कोणीच नव्हतं.

"मी परत जाते, सांगते त्यांना, चुकलं म्हणून."

"काय चुकलं? तू मराठीत बरोबर बोललीस. त्यानं हिंदीत बरोबर लिहिलं. यात चूक कोणाचीच नाही."

"पण मावशी, विमावाले..."

"वाचतील ना ते. वर मालकीण होती असं म्हटल्यावर खाली म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कळतं."

वाचणाऱ्या माणसावर मावशींचा फार भरवसा. कपाटात गेलेले ते सगळे नियम लिहिल्यानंतरही तो कसा राहिला होता, मला माहीत नाही. तो कागद त्यांनी तसाच क्लेमला जोडला.

मग दिवस सुरू झाले चालत जायचे. अंधार असतानाच निघायचे. ह्यांना काम नसलं की हे कोणाची तरी सायकल मागून मला मागे बसवून सोडायचे. तरी एकदोनदा फाटक बंद झालं. सुपरवायझर म्हणाला, "मशीन पर बैठना है कि गेट पर?" मावशींना मी हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. फक्त रोज सकाळी माझ्या आधी उठून वरच्या गॅलरीतला दिवा लावायच्या, माझ्या पायाखाली उजेड पडावा म्हणून. मी वर बघितलं की म्हणायच्या, "बिजली का मीटर देख रही हूँ." गॅलरी बाहेर होती.

विमा कंपनीचं पत्र इंग्रजीत आलं. मावशी ते घेऊन खाली आल्या, आत पाऊल टाकलं, आणि मला मराठी करून वाचून दाखवलं. "कळवण्यास खेद होतो की, घटनेच्या वेळी विमा उतरवलेली जागा रिकामी असल्याचे पोलिसांच्या नोंदीवरून दिसते, सबब..." वाचून झाल्यावर म्हणाल्या, "वाक्य चांगलं आहे. खोटं आहे, पण चांगलं आहे." शेवटी लिहिलं होतं की तरी एक सर्व्हेअर येऊन पाहणी करेल.

सर्व्हेअर स्कूटरवरून आला. कमरेला पेजर. तो उंबऱ्याच्या आत आला तर मावशी म्हणाल्या, "या, बसा. काय घ्याल?" तो माझ्याकडे बघायला लागला. "मैडम, हिंदी?" मावशी उठल्या, खुर्ची उचलली आणि बाहेर अंगणात नेऊन ठेवली. मग त्याचीही खुर्ची बाहेर नेली. पुढचं सगळं उन्हात झालं.

त्यानं बाहेरून आमच्या खोलीत डोकावून बघितलं. माझा कुकर शिट्टी देत होता. दोरीवर कपडे होते. त्यानं मला विचारलं, "ये पोर्शन तो खाली है ना?"

भीतीनं माझ्या तोंडून सवयीचंच निघालं. "हाँ जी, खाली है."

"तो ये सामान किसका?"

"हमारा."

"आप कौन?"

"मैं खाली रहती हूँ."

"मतलब काम-धंधा नहीं करतीं?"

मावशींनी डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि त्याला समजावून सांगितलं की मराठीत खाली म्हणजे नीचे. तो हसला. म्हणाला, "मैडम, मैं तो मान लूँ. फ़ाइल नहीं मानेगी. काग़ज़ पर जो है सो है." मग खुर्ची पुढे ओढून आवाज खाली केला. मला ऐकू येत होतंच. "और बुरा मत मानिए. घर खाली नहीं था, तो अंदर ये अकेली थीं. फिर तो बात इन्हीं पर आती है. किरायेदार का हाथ निकला, तब भी क्लेम नहीं बनता."

म्हणजे घर रिकामं धरलं तर पैसे नाहीत. भरलेलं धरलं तर चोर मी. कुकरची आणखी एक शिट्टी झाली, पण मला उठून गॅस बंद करायचं सुचेना.

मावशी म्हणाल्या, "इनके हाथ उस वक़्त साबुन में थे. दोनों. लिखिए."

"मैडम, ऐसे कैसे..."

"आप बयान ले रहे हैं ना? ये मेरा बयान है. साबुन मेरा था, मैंने दिया था. लिखिए."

त्यानं लिहिलं. मग म्हणाला, ठाण्यातून कागद दुरुस्त करून आणा, मी फाईल थांबवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली, ऑफिसची पर्स घेतली, आणि आम्ही सायकलरिक्षानं ठाण्यात गेलो. मुंशीजी तिथेच होते, मफलरही तोच. मावशींनी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "माताजी, काट नहीं सकता. कटिंग हुई तो ऊपर से पूछेंगे."

"काटने को किसने कहा?" मावशी म्हणाल्या. "आपने एक अक्षर गलत नहीं लिखा. मैंने सारी उम्र सरकारी काग़ज़ देखे हैं. इतना साफ़ बयान कम देखा है."

मुंशीजींनी चहा बाजूला ठेवला. कोणी त्यांना असं कधी म्हटलं नसावं.

"बस एक चीज़ छूट गई. बयान किस भाषा में दिया, ये लिखना रह गया."

"हिंदी में दिया. और किसमें?"

तेव्हा मावशी माझ्याकडे वळल्या. ठाण्याच्या आवारात, सगळ्या माणसांमधे, बाहेरच्या बाकावर बसून त्या मराठीत बोलल्या. मला आधी कळलंच नाही की त्या माझ्याशीच बोलतायत. उंबऱ्याबाहेर त्यांचं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. आवाजही वेगळाच लागला, जरा मोठा आणि जरा नागपुरी.

"मुली, मी राहते कुठं?"

"वर."

"अन् तू?"

"खाली."

"तुझी चूल?"

"खाली."

"तुझा नवरा झोपतो कुठं?"

"खालीच, मावशी."

"अन् सायकल कुठं होती?"

"खाली."

मुंशीजी आमच्या तोंडाकडे बघत होते. हात शेकणारा शिपाई म्हणाला, "अरे, ये तो नीचे को खाली बोल रही है."

मुंशीजींनी मला विचारलं, "तो खाली को क्या बोलते हैं?"

"रिकामं."

"रि-का-मं." त्यांनी तो शब्द जरा चघळून बघितला. "तो घर रिकामं था?"

"नहीं था," मी म्हटलं. माझा आवाज नीट निघाला. "हम रहते हैं उसमें. घर भरा हुआ था."

मुंशीजींनी पेन झटकलं आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, बयान मराठी मिश्रित हिंदी में दिया गया, खाली से आशय नीचे से है, घर आबाद था. सही केली, शिक्का मारला. एकही खाडाखोड नाही. मग म्हणाले, "माताजी, ऐसा और कोई शब्द हो तो बता दीजिए. आगे काम आएगा."

मावशींना असं कोणी विचारलंच नव्हतं. चहा आला. त्यांनी सांगितलं की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पण मराठीत मज़ाक. मुंशीजींनी मान डोलावली. शिक्षा म्हणजे सज़ा. त्यावर त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "ये तो ठीक ही है."

परत येताना रिक्षात मी मावशींना विचारलं. विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "मावशी, तो माणूस म्हणाला ना, बात इन्हीं पर आती है म्हणून. तुम्हाला कधी वाटलं का तसं?"

आम्ही रस्त्यावर होतो. मावशी समोर बघत म्हणाल्या, "ठीक से पकड़कर बैठो. गड्ढा है."

क्लेम मंजूर झाला. सर्व्हेअरनं फोनवर मावशींना सांगितलं म्हणे की ठाण्याचा कागद आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला. मावशींनी विचारलं, "पूरा?" तो म्हणाला, पूरा. त्या दिवशी मावशींनी वर शिरा केला, कशासाठी ते सांगितलं नाही. नवी सायकल आली तीही लेडीज आणि हिरवी. तिच्या साखळीबरोबर एक चिठ्ठी होती, साखळी कशी लावायची त्याची. मावशींनी ती मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि मग खिडकीच्या गजाला सायकल बांधली. मी पुन्हा घंटेच्या आधी फाटकात पोचायला लागले आणि होळीच्या आत मशीनवर बसले.

त्याला खूप वर्षं झाली. मी आता एका अख्ख्या लाइनवर बघते. आमच्याकडे थंडीचे कोट होतात, बाहेरच्या देशांत जातात. आम्ही पुढे स्वतःचं लहानसं घर घेतलं. मावशी अजून तिथेच आहेत, आणि डिसेंबरात अजून कोपरावर रफू केलेला ऑफिसचा जुना स्वेटर घालतात. मी कितीदा म्हटलं, मावशी, माप द्या, एक कोट शिवते तुमच्यासाठी. माझ्या हातचा. विकायचा नाही, पाठवायचा नाही, तुमचा.

मागच्या वेळी त्या म्हणाल्या, "त्याच्या आत ती पट्टी असते ना, कसा धुवायचा ती?"

"असते."

"इंग्रजीत असेल."

"इंग्रजीतच असते, मावशी."

"मग तू मराठीत लिही. नीट वाचता येईल अशी. तेव्हा माप देते."

कोट शिवायला मला वेळ लागणार नाही. पट्टीचं चाललंय. पिळू नये, हे जमलं. सावलीत वाळवावा, हेही जमलं. कोमट पाण्याच्या ओळीवर अडले आहे, कारण मावशी विचारणार, कोमट म्हणजे किती. पण लिहीन. शाळा आठवीत सुटली तरी एवढ्या ओळी मला लिहिता येतील. एका थंडीत तो कोट घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे आणि त्यांच्या अंगावर घालणार आहे.